दोन ओपीडींच्या मधले तीन महिने: आमवाताचा हिशेब मोबाइलवर

आमवाताची सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, आणि तज्ज्ञांच्या ओपीडीची वेळ बहुधा दुपारची किंवा संध्याकाळची. सकाळी सहाला मूठ वळत नसते, चहाचं पातेलं दोन्ही हातांनी धरावं लागतं. अकरापर्यंत बोटं जरा सुटतात, आणि चार वाजता डॉक्टरांसमोर जे हात येतात ते त्या दिवसातले सर्वांत चांगले हात असतात. त्यात आपली सवय अशी की ‘कसं आहे?’ विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचं. बाहेर वीस जण ताटकळत बसलेले असतात, डॉक्टरांना किती वेळ खायचा! घरी परतताना रिक्षात आठवतं की मागच्या महिन्यात आठ दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं, ते सांगायचंच राहिलं.

मोबाइलवरच्या आमवाताच्या ॲपचं मूळ काम एवढंच आहे: ती सकाळ संध्याकाळच्या ओपीडीपर्यंत पोहोचवायची. आणि ते आठ दिवस. बाकी त्यात जे भरलेलं असतं त्यातलं बरंचसं मला सजावट वाटतं.

आमवात म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा नुसतं ‘आरए’ म्हणतात तो आजार. वयामुळे गुडघे झिजतात ते दुखणं वेगळं. आरएमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि उपचार लांबले तर शेजारची कूर्चा आणि हाड पोखरू लागतं. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पावलांचा पुढचा भाग, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखंच. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यक्रमातून घरोघरी पाहणी झाली, तेव्हा प्रौढांमध्ये आरएचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास जण. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीनपट असतं.

हा आजार सरळ रेषेत चालत नाही. दोन महिने शांत, मग अचानक उचल खातो, पुन्हा बसतो. तीन महिन्यांतून एकदा डोकावणाऱ्या माणसाला तो नेमका कुठल्या अवस्थेत दिसेल, हे बरंचसं नशिबावर.

आकडा का हवा

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ग्लासगोची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ११० रुग्ण, दीड वर्ष. एका गटाला नेहमीसारखी तपासणी, तीन महिन्यांतून एकदा. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावायचं, दुखरे आणि सुजलेले सांधे मोजायचे, एक आकडा काढायचा आणि तो पुरेसा खाली आला नसेल तर तिथल्या तिथे औषध वाढवायचं किंवा सांध्यात इंजेक्शन द्यायचं. दीड वर्षानंतर पहिल्या गटात १६ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात ६५ टक्के लोकांचा. यात महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं (संरक्षणयंत्रणेतला एखादा नेमका दुवा रोखणारी नवी औषधं) नव्हती, सगळी जुनीच औषधं. फरक पडला तो मोजण्यामुळे आणि मोजल्यावर हात बांधून न बसण्यामुळे.

तेव्हापासून जगभर आरएचे उपचार आकडा समोर ठेवून करायची पद्धत रुळली. आपल्या फाइलमध्ये ‘डास-२८’ किंवा ‘सीडीएआय’ असं काही लिहिलेलं असेल तर तो हाच आकडा. सीडीएआय तर लहान मुलाच्या बेरजेइतका सोपा आहे. २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, आजाराचा एकूण त्रास रुग्णाच्या मते शून्य ते दहापैकी किती आणि डॉक्टरांच्या मते किती. सहा दुखरे, चार सुजलेले, रुग्णाचे पाच, डॉक्टरांचे चार: बेरीज १९. २.८ पर्यंत म्हणजे आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. १९ म्हणजे मध्यम. औषधांचा फेरविचार करायला हवा.

या २८ सांध्यांत खांदे, कोपरं, मनगटं, हातांची बोटं आणि गुडघे येतात. घोटे आणि पावलं येत नाहीत. सकाळी जमिनीवर पहिलं पाऊल टेकताना खडे टोचल्यासारखं होत असेल तर ते आकड्यात दिसणार नाही, तोंडानेच सांगावं लागेल.

सुजलेले सांधे मोजायला डॉक्टरांचे हात लागतात, त्यामुळे हा आकडा घरी काढता येत नाही. घरच्या घरी मोजण्यासाठी ‘रॅपिड-३’ नावाचं मोजमाप आहे आणि बहुतेक गंभीर ॲप्स तेच किंवा त्याचंच भावंड वापरतात. यात सगळी उत्तरं रुग्णाची. पहिला भाग रोजच्या दहा कामांचा: कपडे घालणं, बटणं लावणं, अंथरुणातून उठणं, भरलेला कप तोंडापर्यंत नेणं, नळ सोडणं-बंद करणं, वाकून कपडे उचलणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सहज जमतं तर शून्य, जमतच नाही तर तीन. दहाही कामांची बेरीज करून तिला तीनने भागायचं. दुसरा भाग गेल्या आठवड्यातलं दुखणं, शून्य ते दहा. तिसरा, एकंदरीत तब्येत कशी वाटते, तेही शून्य ते दहा. समजा कामांची बेरीज सात आली, तर तिचे झाले २.३. दुखणं पाच, एकंदर पाच. एकूण १२.३. रॅपिड-३ मध्ये तीनपर्यंत शांत, सहापर्यंत सौम्य, बारापर्यंत मध्यम आणि बाराच्या वर तीव्र. सगळं भरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

मात्र या आकड्याला एक मर्यादा आहे आणि ती बरीच ॲप्स सांगत नाहीत. रॅपिड-३ त्रास मोजतं, सांध्याच्या आतली सूज मोजत नाही. त्याच माणसाचे गुडघेही झिजलेले असतील, झोप लागत नसेल, मन खचलेलं असेल किंवा अंगभर दुखण्याचा फायब्रोमायल्जिया जोडीला असेल, तर आरए शांत असूनही आकडा चढतो. म्हणून स्क्रीनवर लाल पट्टी दिसली म्हणजे गोळी वाढवायची असं होत नाही. डॉक्टरांनी हात लावून बघायची वेळ आली, एवढाच तिचा अर्थ. उलटंही होतं. वर्षानुवर्षं सोसणारी बाई दुखण्याला दोनच गुण देते आणि मनगट टरटरून सुजलेलं असतं.

प्रश्नावल्या मुळात परदेशी, त्यामुळे काही प्रश्न आपल्याला लागू होत नाहीत. अशाच एका जुन्या प्रश्नावलीच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आवृत्तीत शौचाला उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी घालून बसणं यांचा समावेश केला गेला, तो फार शहाणपणाचा निर्णय होता. तुमच्या ॲपमध्ये हे नसेल तर ‘टीप’ लिहायच्या रकान्यात स्वतःची दोन कामं ठरवून टाका. कणीक मळता आली का? ओला टॉवेल पिळता आला का? दर आठवड्याला तीच दोन कामं. तीन महिन्यांनी त्या ओळी वाचल्या की डॉक्टरांना वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

ॲपमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, पण ॲपच्या पलीकडे कुणी बघणारं असेल तर. या विषयातलं सगळ्यात मोठं ‘पण’ हेच आहे.

मँचेस्टरच्या संशोधकांनी ‘रेमोरा’ नावाच्या प्रकल्पात रुग्णांच्या फोनमधल्या रोजच्या नोंदी थेट रुग्णालयाच्या संगणकातल्या केसपेपरमध्ये आणल्या. डॉक्टर आणि रुग्ण दोघं मिळून एकच आलेख बघू लागले. ‘गेल्या वेळेपासून कसं होतं?’ या प्रश्नाऐवजी बोलणं सुरू होऊ लागलं ते ‘हे इथे वर गेलंय, तेव्हा काय झालं होतं?’ इथून.

ॲम्स्टरडॅममधल्या एका चाचणीत आजार आटोक्यात असलेले सुमारे शंभर रुग्ण घेतले. अर्ध्यांना ॲप दिलं. त्यांनी आठवड्यातून एकदा रॅपिड-३ भरायचं, आकडा चढला तर ॲप कळवणार, आणि भेटीची वेळ गरज वाटल्यास स्वतःच मागायची. वर्षभरात या गटाच्या भेटी ३८ टक्क्यांनी कमी झाल्या आणि आजार मात्र दुसऱ्या गटापेक्षा वाढला नाही. डेन्मार्कमध्येही जवळपास तीनशे रुग्णांवर असाच प्रयोग झाला: प्रश्नावली घरून भरायची, मग डॉक्टर किंवा नर्स फोनवर बोलणार. २०१८ साली आलेला निकाल साधारण तोच.

मराठवाड्यातून किंवा कोकणातून मुंबई-पुण्याला तपासणीसाठी येणाऱ्या माणसाला भेटी कमी होण्याची किंमत समजावून सांगायला नको. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्या मुलाची रजा. पण या प्रयोगांमधले रुग्ण आजार बऱ्यापैकी शांत असलेले होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांचं निदान नुकतंच झालंय, ज्यांची औषधं अजून बसायची आहेत, त्यांनी ॲप आहे म्हणून भेट टाळली तर हाडांचं नुकसान होईल आणि ते भरून येत नाही.

दुसरीकडे, अमेरिकेतल्या एका चाचणीत रुग्णांना दोन भेटींच्या मध्ये नोंदी करायला ॲप दिलं, तरी सहा महिन्यांनी आजाराच्या आकड्यात दोन गटांमध्ये दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. नोंद केल्याने सूज उतरत नाही. नोंद बघून कुणी काही बदललं तर उतरते. म्हणून ॲप डाउनलोड करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मी हे आणलं तर तुम्ही बघाल का? कुठल्या स्वरूपात आणू?’ ‘कागदावर चार ओळी लिहून आणा’ असं उत्तर आलं तर कागदावर चार ओळी लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

ॲप एकट्याने वापरण्यातही एक फायदा असतो, तो मात्र वेगळ्या जातीचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी संधिवाताच्या रुग्णांसाठी स्व-व्यवस्थापनाचे वर्ग सुरू केले. व्यायाम, दुखणं हाताळणं, दमणूक ओळखून कामं वाटून घेणं, डॉक्टरांशी कसं बोलायचं. वर्गाला आलेल्यांचं दुखणं कमी झालं. पण शोध घेतल्यावर दिसलं की कुणी किती व्यायाम केला यापेक्षा ‘हे मला हाताळता येतं’ असं कुणाला किती वाटू लागलं, याच्याशी सुधारणेचा जास्त संबंध होता. आपल्या दुखण्याचा आलेख समोर दिसला, की ‘हे कायम असंच राहणार’ ही भावना थोडी सैल होते. मागच्या वेळची उचल बारा दिवसांत बसली होती, हे लिहिलेलं असेल तर या वेळचा सहावा दिवस काढता येतो.

आठवड्याची गोळी

गोळीची आठवण करून देणं हे ॲपमधलं सर्वांत साधं काम, आणि नेमकं तेच सर्वांत धोक्याचं ठरू शकतं. आरएचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, आणि यातून माणसं दगावलेली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये खास या एका चुकीसाठी नवे नियम केले. वेष्टनावर ठळक इशारा आणि गोळ्या डबीऐवजी पट्टीतून, असे. आता आपल्या ॲपमध्ये नवं औषध भरून बघा. आधीपासून निवडलेला पर्याय बहुधा ‘दररोज’ असतो! तो बदलून ‘दर आठवड्याला’ करा आणि औषधाच्या नावातच वार लिहून टाका, ‘मेथोट्रेक्सेट, फक्त रविवार’. मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी करणाऱ्या फॉलिक ॲसिडची आठवण वेगळी लावा, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. गोळी चुकली तर काय करायचं हे आधीच विचारून टिपून ठेवा. पुढच्या वेळी दुप्पट घेणं हा उपाय नव्हे.

औषध मुलगा किंवा सून काढून देत असेल तर ती आठवण त्यांच्याही फोनवर हवी. आणि रक्ततपासणीचीही एक लावून घ्या. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड: औषध स्थिरावल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी, तुमच्या डॉक्टरांनी जे अंतर सांगितलं असेल त्याप्रमाणे.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही नोंदवा. महिन्याला किती लागल्या, हा आकडा डॉक्टरांना खूप काही सांगून जातो. काढे, चूर्णं, कुणीतरी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्या, सगळं लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते अंगवळणी पडल्यावर एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

पाऊस आणि सांधे

ढग भरून आले की सांधे बोलू लागतात, हे आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना माहीत. मोबाइलमुळे याची पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली. ब्रिटनमध्ये २०१६-१७ साली जुनाट दुखणं असलेले १३ हजारांहून अधिक लोक एका ॲपवर दुखण्याची नोंद करायला सामील झाले आणि फोनच्या जागेवरून त्या ठिकाणचं हवामान जोडलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आले. दमट, वादळी वाऱ्याच्या, हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणं जास्त, हे खरं निघालं. पण किती? एरवी शंभरातले पाच दिवस जास्त दुखण्याचे असतील तर अशा हवेत सहा. म्हणजे आजीचं बरोबर होतं, पण ती जितक्या ठासून सांगायची तितकं नाही. जुलैत चिपळूणला बोटं सुजली तर सगळं खापर पावसावर फोडून ऑगस्टची वाट बघणं महागात पडू शकतं.

काय ठेवावं, काय सोडावं

ॲप्सची नावं मी मुद्दाम देत नाही. ती येतात, बंद पडतात, अचानक पैसे मागू लागतात. त्याऐवजी नोंदी पीडीएफ करून बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी बघा. येत नसतील तर दुसरं शोधा. दुसरी कसोटी हाताची. सकाळी सात वाजता, बोटं आखडलेली असताना ते वापरता येतंय का? बारीक बटणं, लांबलचक टंकलेखन असेल तर ते ॲप आरएच्या माणसाला विचारून बनवलेलं नाही. आता फोनवर मराठीत बोलून लिहिता येतं, त्यामुळे टिपा बोलूनच करा.

रोज वीस प्रश्नांची उत्तरं देणारे फार टिकत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत कंटाळा येतो, आणि सारखं दुखण्याकडे लक्ष लागून राहतं ते वेगळंच. आजार शांत असताना आठवड्यातून एकदा, उचल खाल्ली की रोज, एवढं पुरे. सकाळचा ताठरपणा मिनिटांत लिहा. ‘खूप वेळ’ याचा काही उपयोग नाही. उठल्यापासून हात नीट चालू लागेपर्यंत किती वेळ गेला तो.

आणि फोटो काढा. ॲपशिवाय, साध्या कॅमेऱ्याने. सकाळी, खिडकीच्या उजेडात, दोन्ही हात पालथे टेबलावर. मूठ वळताना पाच सेकंदांचा व्हिडिओ. दुपारपर्यंत उतरलेली सूज डॉक्टरांना दाखवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. सूज मऊ आहे की हाडाचाच उंचवटा आहे हे बोटाने दाबूनच कळतं, त्यामुळे फोटो तपासणीची जागा घेत नाही, पण डॉक्टर त्या सांध्यापाशी थांबतील हे नक्की.

घड्याळं आणि पावलं मोजणारे पट्टे यांवर फ्रान्समध्ये काम झालं आहे. चालणं कमी झाल्यावरून उचल ओळखता येते असं त्यात दिसलं. चांगलं आहे, पण त्यासाठी नवं घड्याळ विकत घेऊ नका. खिशातला फोन पावलं मोजतोच.

ॲप आहारतक्ता आणि ‘औषधाविना मुक्ती’ विकू लागलं की काढून टाका. टोमॅटो, वांगं सोडा म्हणजे आमवात जाईल असं सांगणाऱ्या गप्पा मारणाऱ्या बॉटलाही हाच न्याय. अशा बॉटला रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ विचारायला हरकत नाही; मेथोट्रेक्सेट बंद करू का, हे विचारू नका.

खासगी माहितीचं म्हणाल तर २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि तुमची माहिती वापरण्याआधी संमती घेणं त्यात बंधनकारक आहे. पण ती संमती आपणच ‘ॲग्री’ दाबून देऊन मोकळे होतो. आजाराचं ॲप फोनमधले संपर्क मागत असेल तर देऊ नका, त्याचा सांध्यांशी काय संबंध? रिपोर्ट एका ठिकाणी ठेवायचे असतील तर सरकारचा १४ आकडी ‘आभा’ क्रमांक आहे. तो नको असेल तर फोनमध्ये एक फोल्डर करून तारखेनुसार फोटो साठवा. व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात सीआरपीचा (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट शोधायची वेळ ओपीडीच्या दारात येऊ नये.

काही गोष्टी मात्र नोंदवून ठेवण्याच्या नसतातच. बायोलॉजिक इंजेक्शन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप आला; तोंडात फोड आले; नवा कोरडा खोकला, धाप लागली; डोळा लाल होऊन दुखू लागला; किंवा बाकी सगळं शांत असताना एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन प्रचंड दुखू लागला, तर त्याच दिवशी फोन लावायचा किंवा दवाखाना गाठायचा. ॲपमधला ‘डॉक्टरांना संदेश पाठवा’ हा पर्याय अशा वेळी वापरू नका, तो सोमवारी सकाळी उघडला जाऊ शकतो. दवाखान्याचा नंबर, चालू औषधांची नावं आणि मेथोट्रेक्सेटचा वार घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असू द्या. सुजलेल्या बोटांना आणि तापलेल्या माणसाला स्वतःच्या फोनचं लॉकही कधीकधी उघडता येत नाही.